सात बाटल्या, चार नळ्या आणि सांगलीचं पाणी

फिश टँकच्या पाण्याचा टेस्ट किट घ्यावा का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर जरा तिरकं असतं. घ्या, पण एकट्यानं घेऊ नका, चार घरांत मिळून एक पुरतो. आणि घेतल्यावर त्यातली एक बाटली सरळ कपाटात मागं सारा, सांगलीत तिचा काही उपयोग नाही. कुठली ते पुढं येईलच.

माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये गेली. रसाचा ब्रिक्स (विरघळलेले घन पदार्थ), पोल (साखरेचं प्रमाण), बॉयलरच्या पाण्याचा हार्डनेस म्हणजे जडपणा, गळीत हंगामात रात्रपाळीला तेच आणि दिवसपाळीलाही तेच. आता विश्रामबागेत फ्लॅटमध्ये असतो. नातीच्या हट्टापायी टँक आला: दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. काठोकाठ सत्तर लिटर, पण खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता साठ धरा. भरलेल्या टँकचं वजन नव्वद किलोच्या घरात जातं, तेव्हा टीव्हीच्या पोकळ स्टँडवर ठेवायचा विचारसुद्धा करू नका. खाली थर्माकोलची शीट, उन्हाच्या खिडकीपासून लांब, झालं.

दुकानदारानं टँक, खडी, एअर पंप, स्पंज फिल्टर बांधून दिला आणि त्याच दमात गोल्डफिशची पिशवी पुढं केली. "काका, अँटिक्लोरीनचे थेंब टाका आणि सोडा, काय होत नाही." मी मासे न घेता आलो. नमुना पास झाल्याशिवाय माल पुढं सोडायचा नाही, ही हाडात मुरलेली सवय. नात पुढचे कित्येक दिवस मैत्रिणींना घरी आणून नुसतं पाणी दाखवत होती. एकीला म्हणाली, "आमचे मासे दिसत नाहीत असे आहेत."

किट ऑनलाइन मागवला, साडेतीन हजारांच्या आसपास पडला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रारीही आहेत. सात ड्रॉपर बाटल्या, झाकणवाल्या चार काचेच्या नळ्या आणि रंगांचं एक कार्ड. पीएचच्या, म्हणजे पाणी आम्लाकडं झुकतं की अल्कलीकडं ते सांगणाऱ्या, दोन चाचण्या, शिवाय अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट. सगळ्या मिळून आठशेच्या आसपास चाचण्या होतात असा खोक्यावर दावा आहे. म्हणूनच म्हटलं, एका घराला हे संपत नाही आणि त्याआधी रसायनं जुनी होतात. पट्ट्यांचे किट स्वस्त मिळतात, पण बहुतेक पट्ट्यांत अमोनियाच नसतो, आणि नव्या टँकात बघायचा असतो तो नेमका अमोनियाच. शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यात पट्ट्यांची डबी एकदा उघडली की दमटपणा शिरतो, मग रंगांवर विश्वास ठेवणं अवघड.

अमोनियाची चाचणी सोपी आहे. पाच मिली पाणी, पहिल्या बाटलीचे आठ थेंब, दुसरीचे आठ, हलवा, पाच मिनिटं थांबा. पिवळं राहिलं तर अमोनिया नाही. हिरवं व्हायला लागलं की आहे. माशांची विष्ठा, कुजलेला चारा, सगळ्यातून हाच निघतो. नव्या टँकात तो पचवणारे जिवाणू नसतात, त्यांना स्पंजवर आणि खडीवर बस्तान बसवायला महिना-दीड महिना लागतो. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषं. तिसरं त्यामानानं सौम्य, पाणी बदलून काढता येतं.

मासे न सोडता हे जिवाणू वाढवायचे तर त्यांना अमोनिया द्यायला पाहिजे. मी अमोनियम क्लोराइड वापरलं. कल्हईवाल्याकडचा नवसागर म्हणजे तेच, पण त्यात काय काय मिसळलेलं असतं कुणास ठाऊक, म्हणून लॅब ग्रेडचं घेतलं. साठ-पासष्ट लिटरला दोन पीपीएम (लिटरला दोन मिलिग्रॅम) अमोनिया यायला सुमारे चारशे मिलिग्रॅम पुरतं. चिमूटभरच. हिनं विचारलं, "अहो, माशाच्या आधी पाण्यालाच मीठ-मसाला का?"

त्यानंतरचे आठवडे म्हणजे किटची खरी परीक्षा, आणि तिथं तो पास झाला. आधी अमोनियाची नळी गर्द हिरवी. मग ती फिकी पडत गेली आणि नायट्राइटची नळी आकाशीवरून जांभळी. जांभळी म्हणजे इतकी गडद, की कार्डावर त्याच्या पुढं रंगच नाही. मासा पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतो आणि लोक एअर पंप मोठा करतात, तेव्हा कधी कधी दोष हवेचा नसतो, या नायट्राइटचा असतो. तो रक्ताची प्राणवायू वाहायची ताकदच काढून घेतो. शेवटी नायट्राइट पुन्हा आकाशी झाला, नायट्रेट नारिंगी दिसायला लागलं, आणि एकदा टाकलेला अमोनिया दुसऱ्या दिवशी गायब. त्यानंतर गप्पी आणले, मागून मोली.

आता तक्रार. रंगांचं कार्ड. अमोनियाचा शून्य आणि पाव पीपीएम यांतला फरक ट्यूबलाइटखाली मला दिसत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी नाही दिसत. आमच्या हिला मात्र दिसतो. मी "पिवळा" म्हणालो की ही लांबूनच म्हणते, "पिवळा कुठला, पोपटीची झाक आलीय." साडीच्या दुकानात माझी जी वाट लागायची ती आता टँकसमोर लागते. पण ती बरोबर असते, हे मी पातळ द्रावणं करून पडताळलंय. नळी पांढऱ्या कार्डाला टेकवून, दिवसाउजेडी खिडकीपाशी, सरळ समोरून बघायची. वरून डोकावून बघितलं की रंग गडद भासतो. रात्री पिवळ्या बल्बखाली चाचणी घ्यायचीच नाही.

पीएचच्या दोन बाटल्या. त्यातली पहिली ६.० ते ७.६ मोजते: पिवळा, हिरवा, निळा. तो खेळ बघताक्षणी ओळखला. कारखान्यात रसाला चुना आणि गंधकाचा धूर देऊन पीएच सातच्या जवळ आणायचा, तेव्हा पीएच दाखवणाऱ्या बीटीबी पेपरवर हेच रंग बघायचो. रसाला हे ठीक होतं. कृष्णेचं पाणी मात्र अल्कलीकडं झुकलेलं, बेसाल्टच्या मुलखातून येतं. आपल्या नळाच्या पाण्यात ही बाटली कायम निळी, आणि निळी म्हणजे "७.६ किंवा वर कुठंतरी". कपाटात सारायची बाटली ती हीच. दुसरी, ७.४ ते ८.८ वाली, कामाची. माझ्याकडं ८ च्या जवळपास येतं.

हा आकडा वाचून लगेच पीएच उतरवायची औषधं आणू नका, गप्पी-मोलीला ८ चालतो. पण अमोनियाचा विचार करताना हा आकडा विसरून चालत नाही. किट एकूण अमोनिया दाखवतो, आणि त्यातला विषारी भाग पीएचवर ठरतो. २५ अंशांना पीएच ७ असेल तर शंभरात जेमतेम अर्धा-पाऊण भाग विषारी. पीएच ८ ला तोच पाचाच्या वर. उन्हाळ्यात टँकचं पाणी तिशीपार गेलं की आणखी जास्त. पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत कुणी "पाव पीपीएमनं काही होत नाही" म्हणत असेल, तर आधी त्याचा पीएच विचारा.

नायट्रेटची चाचणी या किटमधली सगळ्यात किचकट, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. पहिल्या बाटलीचे दहा थेंब. मग दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरानं हलवायची, आधी टेबलावर दोन-चारदा आपटायची. तिचे दहा थेंब. मग नळी एक मिनिटभर हलवायची, आणि पाच मिनिटं थांबायचं. हे वाचून लोकांना वाटतं, कंपनीला लिहायला काहीतरी पाहिजे म्हणून लिहिलंय. तसं नाही. त्या बाटलीत धातूची बारीक पूड असते, ती नायट्रेटचं रूपांतर करते तेव्हाच रंग येतो, आणि ठेवल्या जागी ती तळाशी बसून घट्ट होते. मी मुद्दाम दोन नळ्या केल्या. एकाच टँकचं पाणी. एकीला न हलवलेल्या बाटलीचे थेंब, दुसरीला नीट हलवलेल्या. पहिली पिवळसर, कार्डावर फार तर दहा. दुसरी नारिंगीच्या पुढं गेलेली. म्हणजे आळस केला तर किट तुम्हाला खूश करणारं उत्तर देतो.

पोटॅशियम नायट्रेट १६३ मिलिग्रॅम एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवलं की १०० पीपीएम नायट्रेटचं द्रावण होतं. त्यातून २०, ४०, ८० बनवून तपासलं. वीस बरोबर दाखवलं. चाळीस आणि ऐंशीच्या नळ्या मात्र शेजारी शेजारी धरल्या तरी हिलासुद्धा ओळखता आल्या नाहीत, दोन्ही लालच. टँकवाल्यांचा पाणी बदलायचा निर्णय नेमका याच दोन आकड्यांमध्ये अडकलेला असतो. उपाय सोपा: एक भाग टँकचं पाणी, तीन भाग बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर, चाचणी करा, येईल त्याला चारानं गुणा. दहा आणि वीसमधला फरक डोळ्याला कळतो. ही एक ओळ कंपनीनं पत्रकात छापली असती तर बरं झालं असतं.

याच चाचणीनं एक वेगळं काम केलं. गावाकडं, वाळवा तालुक्यात, धाकट्या भावाच्या शेतातल्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलं, सहज म्हणून. आमच्या नळाचं पाणी फिकं पिवळं, नायट्रेट जवळपास नाहीच. विहिरीची नळी टँकपेक्षा लाल. पातळ करून परत केलं, साठच्या घरात. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा ४५ मिलिग्रॅम लिटरला. चहूबाजूंनी ऊस, वर्षानुवर्षं युरियाची पोती, पाटानं पाणी सोडायचं; झिरपणार कुठं? भावाला फोन केला तर म्हणाला, "दादा, मी कुठं मासे पाळलेत?" त्याच्याकडं सून बाळंतपणाला येणार होती, म्हणून जरा आवाज चढवूनच सांगितलं की बाळाच्या दुधात ते पाणी नको, आणि उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटेल तसं उलट वाढतं. किटवर भागवू नको, जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नमुना दे, असंही सांगितलं. शेवटी माशांसाठी बनवलेला किट आहे हा; अंदाज देतो, दाखला नव्हे.

आता जे या खोक्यात नाही ते. हार्डनेस नाही. सांगलीत ज्यांच्या अपार्टमेंटला बोअरचं पाणी आहे, ज्यांच्या नळाच्या तोटीवर पांढरे थर चढतात, त्यांना खरं तर पहिल्यांदा हार्डनेस कळायला पाहिजे. मी जुन्या सवयीनं ईडीटीएचं टायट्रेशन करतो, म्हणजे ते रसायन थेंबाथेंबानं घालून हार्डनेस मोजतो, बॉयलरच्या पाण्याला करायचो तेच, वाइन रेडचा निळा होईपर्यंत. प्रत्येकानं हे करावं असं नाही, हार्डनेसचा सुटा छोटा किट मिळतो. नाहीतर बोअरवाल्यांनी गप्पी-मोली पाळावेत आणि मऊ पाण्यातल्या निऑन टेट्रा माशाच्या नादी लागू नये.

क्लोरीनही नाही. हा मला मोठा दोष वाटतो. पावसाळ्यात कृष्णा गढूळ झाली की नळाच्या पाण्याला औषधाचा वास वाढतो, आणि पाणी बदलताना मासे मरतात ते बहुधा तेव्हाच. ग्रामपंचायतीचा पाणीवाला ओटी टेस्ट करतो ना, थेंब टाकला की क्लोरीन असेल तर पिवळं? तीच करा, फक्त ते रसायन हाताला लागू देऊ नका. आणि दुकानातलं अँटिक्लोरीन म्हणजे बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेट, जुन्या फोटो स्टुडिओतला हायपो. ते काम करतं, क्लोरीन लगेच मारतं. दुकानदाराचं तेवढं वाक्य खरं होतं.

आता टँक स्थिर आहे, आठवड्याला पाव भाग पाणी बदलतो, स्पंज टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळतो. शेजारच्यांनी तो नळाखाली चकाचक धुतला होता. त्यांच्या नळीत अमोनिया पुन्हा हिरवा दिसला तेव्हा कुठं त्यांना पटलं. रोज चाचणी करायची गरज नाही. पहिले सहा आठवडे, नवीन मासे आणल्यावर, एखादा मेल्यावर, एवढं पुरे.

पाचपैकी साडेतीन तारे. अमोनिया आणि नायट्राइटला पूर्ण मार्क, नायट्रेटला कष्टाचे मार्क, पीएचला अर्धे, रंगांच्या कार्डाला नापास. नळीतलं पाणी टँकात परत ओतायचं नाही, नळीच्या तोंडावर बोट धरून हलवायचं नाही, झाकण दिलंय ते लावा. काही बाटल्यांत तीव्र आम्ल आहे, म्हणून खोका पोरांच्या हाताला लागेल असा ठेवू नका.

विश्रामबागेत आसपास राहणाऱ्या कुणाला एकदाच तपासून बघायचं असेल तर खुशाल या, पैसे नकोत. सकाळी उजेड असताना या, आणि पाणी बिसलेरीच्या स्वच्छ बाटलीत आणा. मागच्या वेळी एकजण लोणच्याच्या बरणीत घेऊन आला होता.