थायरॉईड आणि कॉर्टिसॉलच्या तपासणीसाठी घरी येऊन रक्त नेणारी सेवा : वर्षभराचा अनुभव

हाशिमोटो थायरॉईडायटिसचे (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईड ग्रंथीवर हल्ला करते असा आजार) निदान होऊन मला काही वर्षे झाली आहेत. लेव्होथायरॉक्सिनची (थायरॉईड संप्रेरकाची) गोळी रोज उपाशीपोटी घेऊनही थकवा हटेना, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येई, वजन उतरत चालले होते आणि टीएसएच (थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक; थायरॉईड कमी पडला की ते वाढते) किंचित वाढलेलाच होता. गोळीची मात्रा वाढवण्याआधी डॉक्टरांनी कॉर्टिसॉल तपासायला सांगितले, कारण हे संप्रेरक तयार करणाऱ्या, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी खरोखरच दुबळ्या असतील तर ती उणीव भरून न काढता थायरॉक्सिन वाढवणे जिवावर बेतू शकते. जिना उतरण्याचेही त्राण नसल्यामुळे मी घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका प्रयोगशाळेची सेवा घेतली आणि गेल्या वर्षभरात ती चार वेळा वापरली.

रक्त घेणारी माणसे कुशल आहेत. शीर पहिल्याच प्रयत्नात सापडते, नळीवरचे नाव माझ्याकडून वाचून घेतल्याशिवाय पेटी बंद होत नाही आणि अहवाल त्याच संध्याकाळी मिळतो.

तक्रार आहे ती वेळेबद्दल. कॉर्टिसॉल पहाटे वाढते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते, म्हणून त्याचा नमुना सकाळी ८ च्या आसपास घ्यायचा असतो. मला मात्र 'सकाळी ७ ते १२' अशी वेळ देण्यात आली आणि नमुना ११ वाजून २० मिनिटांनी घेतला गेला. अहवालात आकडा लाल अक्षरांत, शेजारी सकाळच्या नमुन्याची मर्यादा, आणि वेळ छापलेली ती नमुना प्रयोगशाळेत पोहोचल्याची! ॲडिसनचा आजार (अधिवृक्क ग्रंथी निकामी होणे) झाला असे धरून मी दोन रात्री जागून काढल्या. या आकड्यावरून काहीच ठरवता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. सकाळी ८ ला पुन्हा दिलेल्या नमुन्याचा आकडा धड कमीही नव्हता आणि निःशंक करणाराही नव्हता, त्यामुळे आता रुग्णालयात सिनॅक्थेन तपासणी होणार आहे. तीत अधिवृक्क ग्रंथींना चालना देणाऱ्या औषधाचे २५० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन देऊन ३० आणि ६० मिनिटांनी कॉर्टिसॉलसाठी रक्त घेतात.

चौथ्या खेपेस आलेल्या ताईंचा उल्लेख केलाच पाहिजे. टेबलावरची गोळ्यांची पट्टी पाहून त्यांनी विचारले, "ही केसांची गोळी कधीपासून घेताय? यात बायोटिन आहे. दोन दिवस थांबवा, मग मी येते." बायोटिन या जीवनसत्त्वामुळे तपासणीच्या अनेक पद्धतींत टीएसएच खोटा कमी दिसतो, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते आणि बुकिंगच्या अर्जातही तसा प्रश्न नव्हता. स्टिरॉइडचे मलम किंवा इनहेलर चालू आहे का, हेही अर्ज विचारत नाही, जरी त्यानेही कॉर्टिसॉल घटू शकते.

याच सेवेच्या ॲपवर 'ॲड्रिनल फटीग' (अधिवृक्क ग्रंथींचा थकवा) नावाचा तपासण्यांचा संच विकला जातो, याचे मला फार वाईट वाटते. संप्रेरकतज्ज्ञ हे निदान मानत नाहीत, आणि महिनोन्महिने उत्तर शोधणारा थकलेला माणूस अशा नावाला सहज भुलतो. मीही तो संच जवळजवळ मागवलाच होता.

टीएसएचसाठी मी यांना पुन्हा बोलावीन. कॉर्टिसॉलसाठी मात्र त्रास झाला तरी साडेसातला स्वतः प्रयोगशाळेत जाईन. नमुना घेतल्याची नेमकी वेळ अहवालावर छापावी आणि बायोटिन व स्टिरॉइडबद्दलचे प्रश्न अर्जात घालावेत, असे मी त्यांना लेखी कळवले आहे. अद्याप उत्तर आलेले नाही.