लंडन ते सिडनी: पर्थमार्गे की सिंगापूरमार्गे?

पृथ्वीच्या गोलावरून मोजले तर लंडन आणि सिडनी यांच्यामधले सर्वांत कमी अंतर सुमारे १७,००० किलोमीटर भरते. क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये मोजके प्रवासी घेऊन हा पल्ला वाटेत न उतरता १९ तास १९ मिनिटांत गाठला, पण ते चाचणीचे उड्डाण होते. नेहमीच्या प्रवाशाला वाटेत एकदा उतरावेच लागते, आणि निवड करायची ती त्या थांब्याची.

सिंगापूरमार्गे आधी सुमारे १०,९०० आणि नंतर ६,३०० किलोमीटर उडावे लागते, म्हणजे सर्वांत जवळच्या मार्गापेक्षा जेमतेम २०० किलोमीटर अधिक. पर्थमार्गे १४,५०० आणि ३,३०० मिळून १७,८०० होतात. पर्थ ऑस्ट्रेलियातच असल्यामुळे हा मार्ग जवळचा वाटतो, प्रत्यक्षात तो लांबचा आहे. तरीही ६०० किलोमीटर कापायला विमानाला पाऊण तासही लागत नाही, आणि हवेतला एकूण वेळ दोन्हीकडे एकवीस तासांच्या आसपासच राहतो. वाटणी मात्र फार वेगळी आहे: पर्थमार्गे साधारण सतरा आणि चार तास, सिंगापूरमार्गे तेरा आणि आठ.

हे चार जादा तास कागदावर किरकोळ दिसतात. पण चौदाव्या तासाला दिवे मंद असतात, झोप मोडलेली असते, घोट्याला सूज आल्याने बूट आवळतो आणि समोरच्या पडद्यावर अजून अडीच हजारांहून अधिक किलोमीटर शिल्लक दिसतात. वयस्कर प्रवासी किंवा पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असलेली व्यक्ती सोबत असेल, तर मी निःसंशय सिंगापूर निवडेन, कारण तिथे दोन तास मोकळेपणाने चालता येते. ज्यांना विमानात सलग झोप लागते, त्यांना पर्थचा लांब टप्पा उलट सोयीचा पडतो. घड्याळाच्या दृष्टीने दोन्ही थांबे सारखेच, कारण दोन्ही शहरांची वेळ एकच आहे.

थांब्यावरची कामे मात्र सारखी नाहीत. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल तर सिंगापूरला सामान सहसा परस्पर पुढे जाते आणि इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहावे लागत नाही. पर्थहून पुढचे विमान देशांतर्गत असेल, तर इमिग्रेशन, सामान ताब्यात घेणे आणि खाद्यपदार्थांची काटेकोर तपासणी हे सारे तिथेच उरकावे लागते. म्हणून दोन विमानांमध्ये किमान तीन तास ठेवावेत. त्या बदल्यात सिडनीला उतरल्यावर या रांगा उरत नाहीत.

परतताना पश्चिमेकडून येणारे जोरदार वारे समोरून लागतात, त्यामुळे दोन्ही मार्गांवर तासाभराहून थोडा अधिक वेळ वाढतो आणि पर्थ ते लंडन हा टप्पा साडेसतरा तासांच्या घरात जातो. म्हणून जातानाचा मार्ग कोणताही असो, परतीचे तिकीट मी सिंगापूरमार्गेच सुचवेन.