ठिपकेवाला बेगोनिया: नाशिकच्या हॉलमध्ये वर्षभर

आधी निकाल सांगते. पूर्वेची खिडकी असेल आणि पाण्याचा हात आखडता असेल, तर जरूर घ्या. रोज झारी फिरवल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, त्यांनी मनीप्लांटच वाढवावा.

माझा बेगोनिया मॅक्युलाटा मागच्या पावसाळ्यात आणला तेव्हा वीतभर होता, आता कमरेला लागतो. मूळचा ब्राझीलच्या जंगलातला. पान वरून गर्द हिरवं, त्यावर चंदेरी ठिपके, उलटं केलं की लालभडक. फोटोत दिसतं तसंच घरातही दिसतं. विकताना सांगत नाहीत ती गोष्ट वेगळीच: खोड बांबूसारखं पेरापेराचं, आणि ते नुसतं उंच सुटतं. खालची पानं गळून बुंधा उघडा पडतो. पेराच्या, म्हणजे खोडावरच्या गाठीच्या, जरा वर शेंडा खुडला की खालून फुटवे येतात. खुडलेला तुकडा पाण्यात ठेवा, तीन-चार आठवड्यांत मुळं धरतो. पेर मात्र हवंच. रेक्स बेगोनिया नुसत्या पानापासून होतो, याचं सहसा तसं होत नाही.

पावसाळ्यात काही बघावं लागत नाही, हवेतली ओल त्याला मानवते. खरी परीक्षा थंडीत. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली उतरतो आणि हे रोप पंधराच्या खाली कुरकुरायला लागतं. रात्री काचेपासून दूर ठेवायचं आणि पाणी निम्म्यावर आणायचं. तरी थोडी पानं गळतातच, घाबरून खत घालू नका. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पानांच्या कडा करपतात. कूलरच्या खोलीत कुंडी ठेवली तर फरक पडतो, फक्त झोताच्या समोर नको.

आणि भुरी, म्हणजे पानांवरची बुरशी! द्राक्षवाल्या नाशिककराला ती काय असते हे मी सांगायला नको. थंडी ओसरताना, दिवसा ऊन नि रात्री गारवा असला की पानांवर पांढरी पूड दिसायला लागते. भुरीला पान ओलं असावं लागत नाही, कोंदट कोपरा पुरतो. दिरांची दिंडोरीला बाग आहे. ते म्हणाले, ‘वहिनी, आधी हवा खेळती करा, औषध मागाहून.’ लागण झालेली पानं काढली, कुंड्या लांब-लांब केल्या, मग पोटॅशियम बायकार्बोनेटची हलकी फवारणी केली, तीही आधी एका पानावर करून बघितली. गंधक मी टाळलं, कारण उन्हाळ्याच्या तोंडावर पानं भाजतात आणि घरात वास कोण सोसणार? ओलावा मिळावा म्हणून पानांवर पाणी शिंपडण्याचा सल्ला सगळे देतात. मला तो अजिबात पटत नाही.

माती: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि भरपूर पर्लाईट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे). कुंडी मुळांपेक्षा थोडीच मोठी. बोटाचं पहिलं पेर बुडेल इतकी माती कोरडी लागली, की मगच पाणी. बशीत पाणी साचलं तर खोड तळाशी कुजतं आणि मग शेंड्याकडची काडी वाचवण्यापलीकडे हातात काही उरत नाही.

फुलं पांढरी, झुपक्याने लोंबणारी, नर आणि मादी वेगवेगळी. मादी फुलामागे तीन पंखांचं बीजकोष असतं. नर फुलं आधी गळतात, ती रोगाची खूण नव्हे.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी उंचावर ठेवा, पानं-मुळं त्यांना विषारी असतात.