बोअरचं पाणी आणि काळी थार: सिरॅमिक, पीपीएफ की साधं सीलंट?

गाडीच्या रंगावरच्या कोटिंगचं कोटेशन हातात घेऊन बसलेल्या माणसाला मी आधी पाण्याचं विचारतो. तो जळगाव शहरातला असेल आणि नळाला वाघूर धरणाचं पाणी येत असेल, तर त्याच्यासाठी उत्तर एक. यावल, रावेर, चोपड्याकडचा असेल आणि मळ्यातल्या बोअरवर गाडी धूत असेल, तर उत्तर दुसरं. चकाकी किती, कडकपणा किती, वॉरंटी किती वर्षांची, हे सगळं त्यानंतर.

मी दुसऱ्या गटातला. गाडी थार, रंग काळा, उभी राहते निंबाखाली. अधूनमधून सातपुड्यात जाते, कधी पाल, कधी तोरणमाळ. आधी तिच्यावर सिरॅमिक होतं, म्हणजे रंगावर लावून सुकवलेला काचेसारखा कडक थर. आता सीलंट आहे, म्हणजे बाटलीतून हाताने लावायचा, वरचेवर नवा द्यावा लागणारा पॉलिमरचा थर. पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म) माझ्या गाडीवर फार थोडं आहे, पण धुळ्याच्या मेहुण्यांच्या पांढऱ्या फॉर्च्युनरवर ते नखशिखांत आहे आणि ती गाडी मी डोळ्यांनी नाही, बोटांनी तपासलेली आहे.

दोन गोष्टी झटपट बाजूला काढू. एक, टेफ्लॉन. गाडी घेताना ॲक्सेसरीच्या यादीत हे नाव अजूनही दिसतं. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई. तव्यावर ते बसवायचं तर ३०० अंशांच्या वर भाजावं लागतं. गाडीचा पत्रा तेवढा तापवला तर रंगच राहणार नाही. मग बाटलीतून लावलेलं टेफ्लॉन म्हणजे बहुतेक वेळा एक बरं पॉलिश, एवढंच धरून चाला. दुसरं, कार्नौबा वॅक्स. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं हे मेण. काळ्या रंगावर त्याच्याइतकी खोल झळाळी मला दुसऱ्या कशात दिसलेली नाही. पण ते वितळतं ८२ ते ८६ अंशांच्या दरम्यान, आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे हवाच ४५ ला टेकते, तेव्हा उन्हातलं काळं बॉनेट त्याच्या फार मागे नसतं. आपल्याकडे वॅक्स हिवाळ्यात लावावं, लग्नसराईत मिरवावं आणि होळीनंतर त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नये.

आता पीपीएफ. ही फिल्म मुळात अमेरिकन लष्कराच्या हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी निघाली, व्हिएतनाम युद्धाच्या काळात, त्यामुळे मार खाणं हेच तिचं काम. तिची जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन असते. गाडीच्या रंगावरचा क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉन, आणि सिरॅमिकचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉन. हे तीन आकडे शेजारी ठेवले की निम्मी जाहिरात गळून पडते. सिरॅमिकवाले ९एच सांगतात, ते पेन्सिलच्या कडकपणाच्या चाचणीवरचं माप आहे. बोरीचा, बाभळीचा काटा पेन्सिल नसतो. पालच्या जंगलात अरुंद वाटेवर दोन्ही बाजूंनी घाणेरी दारांना घासते, तिथे एक-दोन मायक्रॉनचा थर काय करणार? तिथे फिल्मच हवी. शिवाय चांगल्या टीपीयू (लवचिक पॉलियुरेथेन) फिल्मवरचे बारीक ओरखडे उष्णतेने भरून येतात. बाकीच्या देशात त्यासाठी हीट गन किंवा गरम पाणी वापरतात, आपल्याला गाडी दुपारी अंगणात सोडली की पुरे.

मग सगळी गाडी का झाकू नये? खर्च हे एक कारण. मोठ्या गाडीला पूर्ण पीपीएफचं कोटेशन लाखाच्या आसपास किंवा वर जातं, आणि ते स्वस्तात मिळत असेल तर फिल्म टीपीयूऐवजी हलक्या पीव्हीसीची तर नाही ना, हे विचारावं. दुसरं कारण मला मेहुण्यांच्या गाडीवर दिसलं. आपली काळी माती सुकली की पिठासारखी बारीक होते आणि फिल्मच्या कडेला जाऊन बसते. पांढऱ्या गाडीवर दाराच्या कडेकडेने एक तपकिरी रेघ उमटते. ती नखाने निघत नाही, ब्रशने अर्धी निघते. मेहुणे म्हणतात, “तुम्हालाच दिसते ती, आम्हाला नाही.” असेलही.

खरी ओढाताण सिरॅमिक आणि सीलंटमध्ये आहे, आणि सिरॅमिकची बाजू हलकी नाही. ते क्लिअर कोटला रासायनिकरीत्या धरून बसतं. कपड्याच्या पावडरीने वॉशिंग सेंटरवाल्या पोराने गाडी धुतली तरी उतरत नाही (सीलंट हळूहळू उतरतं). चिखल पटकन सुटतो. आंब्याला मोहर असताना तुडतुड्यांचा चिकटा पडतो, केळीच्या बागेतून आल्यावर दारावर चीक लागतो, पाखरं निंबावरून आपलं काम करतात. या सगळ्याला सिरॅमिक जरा जास्त वेळ थोपवून धरतं. खर्च स्टुडिओप्रमाणे १५ ते ४० हजार, आणि नीट सांभाळलं तर दोन-तीन वर्षं मजेत जातात. कामही एकदाच.

माझं बिनसलं ते पाण्याच्या डागांवरून.

सिरॅमिकवर पाणी पसरत नाही, त्याचे गोल टपोरे मणी होतात. व्हिडिओत बघायला फार छान. पण प्रत्येक मणी म्हणजे क्षारांचा एक डबा असतो. पाणी उडून जातं, कॅल्शियम-मॅग्नेशियम तिथेच बसतं, आणि मण्याच्या कडेने पांढरं कडं उरतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. समजा तुमचं पाणी या वरच्या टोकाचं आहे आणि धुतल्यानंतर अर्धा लिटर पाणी गाडीवरच सुकलं. म्हणजे तीनशे मिलिग्रॅम चुना तुम्ही स्वतःच्या हाताने काळ्या रंगावर ठिपक्या-ठिपक्यांनी लावला. आमच्याकडे बोअर खोल गेलेल्या आहेत. बादलीच्या आतल्या बाजूला साठलेला पांढरा थर बघितला की मीटर लावायची गरज वाटत नाही.

सावलीत धुवा, लगेच पुसा, असं स्टुडिओवाले सांगतात. बरोबरच सांगतात. पण गाडी मोठी असली की एक बाजू पुसेपर्यंत दुसरी सुकते. थारचं बॉनेट सपाट, त्यावर पाणी उभं राहतं. आणि सपाट बॉनेट एक वेळ पुसून होईल, बिजागऱ्यांचं काय? दारांच्या बिजागऱ्या बाहेर, बॉनेटच्या कड्या बाहेर, मागच्या दारावर स्टेपनी. यांच्या फटींत पाणी दडून बसतं. तुम्ही गाडी पुसता, चहा घेऊन येता, आणि बिजागरीखालून एक ओघळ निघून अर्ध्या दारापर्यंत आलेला असतो. दुपारी त्याची पांढरी रेघ झालेली असते. ही रेघ, आणि स्टेपनीखालचा तिचा भाऊ, यांनी माझा निकाल लावला. कारण मी गाडी कितीही नीट पुसली तरी ती यायची.

ताजे डाग पांढरा व्हिनेगर आणि साधं पाणी निम्मेनिम करून, पॅनेल गार असताना लावलं आणि मिनिटाभरात धुतलं की निघतात. राहिले की मात्र ऊन त्यांना आत रुतवतं. वॉशिंग सेंटरवरच्या पोराने एकदा बोट फिरवून सांगितलं, “हाऊ डाग जावाव नही, भाऊ.” तो खरं बोलत होता. रुतलेला डाग काढायचा तर पॉलिश मारावं लागतं, आणि पॉलिश मारलं की त्या जागचं सिरॅमिकही जातं. म्हणजे पुन्हा स्टुडिओ, पुन्हा पैसे. मधल्या काळात क्षारांचा पातळ थर सगळीकडे बसला की ते पाण्याचे मणी होणंही मंदावतं आणि कोटिंग संपलं असं वाटू लागतं, प्रत्यक्षात ते खाली शाबूत असतं.

तुम्ही म्हणाल, सीलंटवरही मणी होतातच की. होतात, आणि डागही पडतात. फरक एवढाच की सीलंटचा थर गेला तर जीव हळहळत नाही. पॉलिमर सीलंटची बाटली हजार-दोन हजारांत येते आणि थारसारख्या गाडीला बरेच महिने पुरते. आपल्या उन्हात एक हात तीन-चार महिने टिकतो, उन्हाळ्यात त्याहून कमी, असा माझा अंदाज. डाग बसले, तर त्या दारापुरतं क्लीनरने पुसायचं आणि त्याच संध्याकाळी नवीन हात द्यायचा. कुणाची अपॉइंटमेंट नाही, वॉरंटी कार्डावर शिक्का नाही. खरं पॉलिश मी वर्षातून एकदाच करतो, दिवाळीआधी, कारण प्रत्येक पॉलिश क्लिअर कोटचा थोडा तरी भाग खातं. तेही डीए पॉलिशरने (याचं पॅड फिरता फिरता हलतंही, म्हणून ते रंगाला हळुवार) आणि मऊ फोम पॅडने. लोकरीचं पॅड लावलेलं रोटरी मशीन सरावलेल्या हातातच बरं, नाहीतर उन्हात काळ्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात आणि ते झाकायला परत रबिंग करावं लागतं.

चकाकीत सीलंट किंचित मागे पडतं. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर जाणकार माणूस ओळखेल. गावात तसे जाणकार मला अजून भेटायचे आहेत.

कुठलंही कोटिंग घ्या, धुण्याची पद्धत सारखीच ठेवा, कारण ओरखडे धुतानाच पडतात. काळ्या मातीतली चिकणमाती पाण्याने फुगते. म्हणून चिखल सुकलेला असेल तर हात लावण्याआधी पाणी मारून दहा मिनिटं गप्प बसा, मग प्रेशरने मारा, बराचसा आपोआप गळतो. चाकांच्या कमानींपासून सुरुवात करा, म्हणजे तिथला चिखल धुतलेल्या दारावर उडणार नाही. फोम, मग दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक हातमोजा खंगाळायला. खंगाळायच्या बादलीच्या तळाला जाळी असली तर वाळू खाली राहते. आणि वॉशिंग सेंटरला टाकलीच तर खालून डिझेलचा फवारा मारू देऊ नका. चेसिस दोन दिवस चमकते, पण रबरी बुश डिझेलने फुगतात आणि त्या ओशटपणावर पुढच्या शिवाररस्त्याची सगळी धूळ बसते. काळ्या प्लॅस्टिकच्या बंपरवर आणि मडगार्डवर वॅक्स लागू देऊ नका, पांढरं होऊन बसतं.

माझी एकच खास युक्ती आहे. शेवटचं पाणी बोअरचं मारायचं नाही. फवारणीचा १६ लिटरचा बॅटरी पंप नवा घेतला आहे, त्यात कधीही औषध घातलेलं नाही आणि गड्याला तो हात लावू देत नाही. त्यात आरओचं पाणी भरतो. पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेलं गाळलेलं पाणी असलं तर उत्तमच, त्यात क्षार नसल्यातच जमा. अर्धा पंप सगळ्या गाडीला पुरतो. मग बिजागऱ्यांमध्ये आणि स्टेपनीमागे झाडलोटीचा ब्लोअर फिरवतो. हे सगळं ऊन उतरल्यावर. इतकं करूनही एखादी रेघ राहतेच, पण तिच्यात चुना नसतो, ओल्या कापडाने जाते.

तर ठरवणाऱ्यासाठी. शहरात राहता, पार्किंग बंद आहे, पाणी धरणाचं आहे आणि वर्षातून दोनदाही स्वतः हात घाण करायची इच्छा नाही: सिरॅमिक घ्या, पैसे वाया जायचे नाहीत. जंगलात, नाल्यात गाडी खरोखर घालता: पुढचं बॉनेट, दारांच्या कडा, दाराच्या हँडलमागचे खळगे आणि मागच्या चाकांच्या कमानींचा पुढचा भाग एवढ्याला पीपीएफ लावा. माझ्या गाडीवर तेवढंच आहे आणि कमानींवरची फिल्म तिची किंमत वसूल करून बसली आहे. बाकी गाडीला, बोअरचं पाणी असेल तर, मी तरी सीलंटच लावीन. आमच्या भागातले काहीजण सिरॅमिकवर खूश आहेत, हेही सांगून ठेवतो. त्यातल्या बहुतेकांच्या गाड्या पांढऱ्या किंवा चंदेरी आहेत, त्यांवर कडं सहज दिसत नाही.

आणि सिरॅमिकचंच ठरलं, तर ॲडव्हान्स देण्याआधी स्टुडिओवाल्याला दोन गोष्टी विचारा: कोटिंगच्या आधी क्ले (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ माती) आणि पॉलिश धरलंय का, आणि शेवटचं पाणी कुठलं मारता. दुसऱ्या प्रश्नाला तो फिल्टर दाखवायला उठला तर बसा आणि भाव करा. “पाण्याचं काय एवढं, भाऊ?” म्हणाला, तर कोटेशन खिशात घाला आणि दुसरा स्टुडिओ बघा.