वेस्ट सिस्टीम १०५ (इपॉक्सी रेझिन) आणि २०६ (त्याचा हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारा दुसरा भाग): जुन्या बोटीचे स्ट्रिंगर बदलायला वापरलं, त्याचा रिव्ह्यू

जुनी फायबरग्लासची बोट वरून कितीही चकाचक असू दे, फ्लोअर उचलल्याशिवाय काही कळत नाही. तळाला मजबुती द्यायला लांबीत बसवलेले बीम, म्हणजे स्ट्रिंगर, आतून बहुतेकदा लाकडाचे किंवा प्लायवूडचे असतात, वरून फायबरचं कव्हर, आणि कुणीतरी कधीतरी पंप बसवायला त्यात स्क्रू मारलेला असतो, बास, तिथून पाणी शिरतं आणि बाहेर काही न दिसता आतलं लाकूड कुजत राहतं. हातोडीने ठोकून बघायचं, चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. आमच्याकडे सगळीकडे बद्द.

आता रेझिन कुठलं? सगळे सांगतात, बोट पॉलिएस्टरची आहे तर पॉलिएस्टरच वापर, स्वस्तही पडतं. पण नवीन बोट बनवताना हल (बोटीचं बाहेरचं कवच) ताजा असतो तेव्हा स्ट्रिंगर बसवले तर रेझिन एकमेकात मिसळून पकड येते, जुना हल कधीच सुकून दगड झालेला असतो, तिथे नुसत्या चिकटण्यावरच सगळा भार. आणि चिकटण्यात इपॉक्सी पॉलिएस्टरला ऐकत नाही, शिवाय सुकताना आकसतंही कमी. म्हणून हे वेस्ट सिस्टीमचं इपॉक्सी घेतलं, महाग आहे हे मान्यच.

सगळ्यात आवडलं काय तर पंप! रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण ५ ला १, पण मोजायचं काही नाही, दोन्ही पंपांचा एकेक पूर्ण स्ट्रोक मारला की प्रमाण आपोआप जमतं. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घालायची ज्यांना पॉलिएस्टरमुळे सवय आहे त्यांनी इथे हात आवरा, जास्तीचा हार्डनर तसाच आत राहतो आणि माल कच्चा राहतो. वेग बदलायचा तर हार्डनरच बदलायचा. २०५ फास्ट आहे, साधारण २२ डिग्रीला कपात ९ ते १२ मिनिटं टिकतं, २०६ स्लो, २० ते २५ मिनिटं. वाकून, कोपरा कोपरा दाबत कापड बसवायचं असेल तर २०६ च घ्या. मिसळलं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओता, कपात साठून राहिलं की स्वतःच्या उष्णतेनेच तापतं आणि धूर काढायला लागतं.

स्ट्रिंगर हलवर थेट टेकवू नका, लाकडाची कड जिथे टेकते तिथे हलवर सगळा दाब एका रेघेत येतो. खाली थोडी फट ठेवून ती ४०६ सिलिका (इपॉक्सी घट्ट करायची पावडर) घालून घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरायची, पट्टीवर घेतलं तर ओघळणार नाही इतकं घट्ट. तेच कोपऱ्यात गोलाई द्यायलाही चालतं, कारण काटकोनात फायबरचं कापड वळत नाही, मागे हवा राहते. त्यावर १७०८ कापड (मागे मॅट लावलेलं फायबरग्लासचं कापड). इथे एक गोष्ट दुकानदार सांगेलच असं नाही: साध्या चॉप्ड मॅटचा (फायबरच्या तुकड्यांची मॅट) बाइंडर, म्हणजे तुकडे धरून ठेवणारा चिकटा, पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो आणि इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे ती मॅट नीट भिजत नाही, कडकच राहते. १७०८ ची मॅट शिवलेली असते म्हणून चालते.

कटकट म्हणाल तर ब्लश. सुकल्यावर वर मेणचट थर येऊ शकतो, तो पाणी आणि घासणीने धुवायचा आणि मगच सँडिंग, नाहीतर तोच थर पेपरने घासून आत बसतो. पहिला थर अजून चिकट असतानाच दुसरा मारला तर ही भानगडच नाही, तेवढा वेळ काढून ठेवा. थंडीत २०६ ला साधारण १६ डिग्रीच्या वर तरी ठेवायला लागतं. हातमोजे नक्की घाला, एकदा का इपॉक्सीची अ‍ॅलर्जी बसली की सुटत नाही.

आणि हो, कितीही भारी रेझिन आणलं तरी जुने स्ट्रिंगर कापायच्या आधी हल खालून नीट टेकू देऊन सरळ धरलेला पाहिजे, एका वेळी एकच बाजू काढा. वाकलेल्या हलवर स्ट्रिंगर चिकटवला तर इपॉक्सी तो वाकडेपणाच कायमचा धरून ठेवेल.

पूर्ण बोट यात करायची गरज नाही, फ्लोअरच्या वर जिथे पुन्हा जेलकोट (बोटीचा वरचा चकचकीत थर) मारायचाय तिथे पॉलिएस्टरच ठेवा, साधा जेलकोट इपॉक्सीवर नीट धरेलच असं नाही. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, पण खाली बिल्जमध्ये (फ्लोअरखालच्या तळात) ऊन येत नाही, तिथे बिल्ज पेंट मारला की झालं. पाचपैकी साडेचार, अर्धा किमतीचा कापला.