क्यूईएमयू-केव्हीएमचं लाइव्ह मायग्रेशन: सुसंगततेच्या बाबतीत किती भरवशाचं?

चालू व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) बंद न करता एका होस्टवरून, म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हरवरून, दुसऱ्यावर न्यायचं काम म्हणजे लाइव्ह मायग्रेशन. व्हीएम चालवणारं क्यूईएमयू-केव्हीएम आणि त्याचं व्यवस्थापन करणारं लिबव्हर्ट ही जोडी ते चोख करते. अडचण येते ती दोन होस्टवर क्यूईएमयूच्या वेगळ्या आवृत्त्या असल्या की. डेटा सेंटर चांदिवलीतलं असो की ऐरोलीतलं, पॅचिंग (होस्टचं सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्याने अद्ययावत करणं) चालू असताना तसं असणारच. बाजार ३.३० ला बंद झाल्यावर होस्ट रिकामे करायला बसणाऱ्यांनी यातल्या खाचाखोचा आधीच ओळखून ठेवाव्यात.

सगळ्यात भक्कम भाग म्हणजे आवृत्तीनुसार ठरलेले मशीन टाइप, म्हणजे व्हीएमला दिसणाऱ्या हार्डवेअरचे ठरीव नमुने. पीसी-क्यू३५-७.२ वर सुरू झालेल्या व्हीएमला क्यूईएमयू ८.० सुद्धा ७.२ चंच हार्डवेअर दाखवतं. नव्या प्रॉपर्टीच्या किमती एका कॉम्पॅट यादीतून जुन्यावर आणल्या जातात. मात्र व्हीएमचं वर्णन असलेल्या एक्सएमएल फाइलमध्ये नुसतं क्यू३५ लिहिलंत, तर डिफाइन करतानाच लिबव्हर्ट त्या होस्टवरची सगळ्यात नवी आवृत्ती तिथे भरतं. म्हणून क्लस्टरमधल्या सर्वांत जुन्या होस्टला चालेल तीच आवृत्ती हाताने लिहा. सीपीयूला होस्ट-पासथ्रू (होस्टचा सीपीयू जसाच्या तसा दाखवणं) नको, नाव असलेलं मॉडेल द्या.

ही कॉम्पॅट यादी माणसंच सांभाळतात, त्यामुळे कधी तरी एखादी नोंद राहून जाते. ८.० मध्ये पीसीआय एक्सप्रेसच्या एईआर (चुका कळवणाऱ्या यंत्रणेच्या) मास्क रजिस्टरची सुरुवातीची किंमत बदलली आणि ७.२ साठीची नोंद सुटली. परिणामी ८.० वरून ७.२ वर परत जाताना ‘बॅड कॉन्फिग डेटा’ ही तक्रार येते: आय ०x१०ए, रीड ४०, डिव्हाइस ०. आय म्हणजे डिव्हाइसच्या कॉन्फिग डेटातली जागा, रीड म्हणजे मूळ होस्टकडून मायग्रेशनच्या प्रवाहातून आलेली किंमत, डिव्हाइस म्हणजे पोचण्याच्या होस्टवरची. एवढं कळलं की ओळ वाचता येते, पण ते संदेशात कुठेच लिहिलेलं नाही. ही मोठी उणीव आहे.

दुरुस्ती आल्यावर कोडं उलटं होतं. ८.० वर सुरू झालेला ७.२ टाइपचा व्हीएम दुरुस्त आवृत्तीवर उतरत नाही, कारण तिथे मास्क पुन्हा जुना झालेला असतो. अशा व्हीएमसाठी पोचण्याच्या बाजूला त्या डिव्हाइसवर एक्स-पीसीआयई-ईआरआर-यूएनसी-मास्क ऑन द्यावं लागतं. व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू होईपर्यंत ते ठेवायचं. आतून रीबूट करून भागत नाही, कारण क्यूईएमयूची प्रोसेस तीच राहते.

खटकणारी दुसरी गोष्ट म्हणजे चूक फार उशिरा कळते. रॅम आधी जाते, डिव्हाइसची स्थिती शेवटी. ६४ जीबीचा व्हीएम १० गिगाबिटच्या लिंकवर मिनिटभर तरी घेतो, लिखाण जास्त असेल तर बराच अधिक, आणि एवढं सगळं पोचल्यावर नकार मिळतो. दिलासा इतकाच की प्रीकॉपीत (सगळं पोचल्यावरच व्हीएम पलीकडे चालू करण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) मूळ व्हीएम पुन्हा चालू होतो, ग्राहकाला क्षणभराचा खंड जाणवतो.

आवृत्ती तीच, मशीन टाइप तोच, तरी व्हर्टिओ-नेट, म्हणजे व्हीएमचं आभासी नेटवर्क कार्ड, अडतं, हेही होतं. ८.२ पासून त्यात यूएसओ ऑफलोड (मोठ्या यूडीपी पॅकेटचे तुकडे करण्याचं काम कार्डाकडे सोपवणं) आलं. एका होस्टच्या कर्नलला ते येतं, दुसऱ्याच्या जुन्या कर्नलला येत नाही, आणि ‘फीचर्स अनसपोर्टेड’ दिसतं. होस्ट-यूएसओ, गेस्ट-यूएसओ४, गेस्ट-यूएसओ६ हे तिन्ही ऑफ करून व्हीएम सुरू करा. नेटवर्क कार्डाच्या रॉम फाइलचा आकार दोन होस्टवर वेगळा असेल तर ‘लेंग्थ मिसमॅच’ येतं, तेही सुरुवातीलाच. दोन्हीकडे एकच पॅकेज ठेवा.

क्यूईएमयूसोबत मिळणारी व्हीएमस्टेट-स्टॅटिक-चेकर ही स्क्रिप्ट जरूर वापरा. दोन्ही आवृत्त्यांच्या क्यूईएमयू बायनरींना एकच मशीन टाइप देऊन डंप-व्हीएमस्टेट या पर्यायाने जेसन फाइल काढा आणि स्क्रिप्टला द्या. बदललेली फील्ड आणि आवृत्ती-क्रमांक लगेच दिसतात. पण ती फक्त रचना पाहते. एईआरसारखा बदल किमतीतला असल्याने तिच्या नजरेतून सुटतो. म्हणून प्रत्येक अपग्रेडआधी ५१२ एमबीचा चाचणी व्हीएम, उत्पादनातल्याच डिव्हाइससह, नव्या होस्टवर नेऊन परत आणा. परतीचा प्रवास तपासलाच नाही तर रोलबॅक (जुन्या आवृत्तीवर परतणं) कागदावरच राहतो.

पाचपैकी चार. एक गुण संदेशांसाठी कापला. पोस्टकॉपी (आधी व्हीएम पलीकडे चालू करून उरलेली रॅम मागाहून नेणं) मात्र दोन आवृत्त्यांच्या मिश्र क्लस्टरमध्ये टाळा: व्हीएम पलीकडे धावू लागल्यावर लिंक तुटली तर रिकव्हरी होईपर्यंत तो थांबून राहतो, आणि मूळ होस्टवरून तो परत चालू करता येत नाही.