मावशीने इंग्लंडातच राहावं की स्कॉटलंडला जावं?

मावशीच्या पायाला जुनी जखम आहे. एनएचएसची, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची, नर्स घरी येऊन पट्टी बदलते, त्याचा एक पेनीही लागत नाही. पण पट्टी बदलायच्या दिवशी आंघोळ कुणी घालायची यावर गेल्या हिवाळ्यात सहा आठवडे फोनाफोनी चालली. नर्सचं ऑफिस म्हणे, आंघोळ हे कौन्सिलचं, म्हणजे स्थानिक पालिकेचं काम. कौन्सिल म्हणे, जखमेसाठीची आंघोळ म्हणजे आरोग्याचं काम. तोवर 81 वर्षांची बाई ओल्या फडक्याने अंग पुसत राहिली.

मुलगी तिच्यापासून दहा मिनिटांवर राहते, मुलगा स्कॉटलंडात ग्लासगोजवळ. दोघंही बोलावतात. ब्रिटनमध्ये आयुष्य काढलेल्या कितीतरी मराठी घरांत आज हाच प्रश्न आहे. भारतातून नव्याने आणलेल्या आईवडिलांच्या व्हिसाच्या अटी वेगळ्या, त्यांनी हे गणित जसंच्या तसं लावू नये.

इंग्लंडात उपचार एनएचएसकडे आणि मोफत. अंघोळ, जेवण, कपडे ही देखभाल कौन्सिलकडे, आणि ती ऐपत पाहून. 2006 च्या एनएचएस कायद्याचं कलम 75 दोघांना पैसा एकत्र करून सेवा मिळून ठरवायची मुभा देतं. 2015 पासून बेटर केअर फंडाखाली काही रक्कम एकत्र ठेवावीच लागते. पण थैली एक झाली तरी नियम दोनच राहिले, आणि त्या दोन नियमांच्या मधल्या फटीत मावशीची आंघोळ अडकली.

स्कॉटलंडने 2014 च्या कायद्याने हे सक्तीचं केलं. कौन्सिल आणि आरोग्य मंडळ (तिथल्या एनएचएसची स्थानिक संस्था) प्रौढांच्या देखभालीचा आणि घरगुती आरोग्यसेवेचा पैसा एका संयुक्त मंडळाच्या हाती देतात (एकट्या हायलँड भागाने तेव्हा वेगळी रचना निवडली). त्याहून मोठी गोष्ट म्हणजे 65 वर्षांवरच्यांना वैयक्तिक देखभाल 2002 पासून मोफत आहे. अंघोळ, कपडे, औषधाची आठवण, जेवण तयार करून देणं हे सगळं त्यात येतं. बँकेत किती आहे हे त्यासाठी पाहिलं जात नाही. त्यामुळे आंघोळ कुणाच्या खात्यातली हा वाद निदान तिच्या खिशापर्यंत पोहोचत नाही.

इंग्लंडात 23,250 पौंडांच्या वर शिल्लक असेल तर देखभालीचा सगळा खर्च आपला. ही मर्यादा 2010 पासून वाढलेली नाही. घरीच देखभाल घ्यायची असेल तर राहतं घर या हिशेबात धरत नाहीत. पण तेच घर विकून मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला गेलं की आलेली रक्कम शिल्लक म्हणून मोजली जाते. मुलीकडे जाण्यासाठी घर विकायच्या विचारात असाल तर कृपा करून आधी हे लक्षात घ्या.

मग स्कॉटलंडच बरं? सरसकट नाही. झाडलोट, बाजारहाट, धुणं मोफत देखभालीत बसत नाही. केअर होममध्ये, म्हणजे देखभालीच्या निवासगृहात गेलं तर राहण्या-जेवणाचा खर्च ऐपतीप्रमाणे भरावाच लागतो. संयुक्त मंडळांकडेही पैशांची ओढाताण आहे. गरज तपासून माणूस येऊ लागेपर्यंत घरच्यांनीच करायचं हे धरून चाला.

एका बाबतीत इंग्लंड पुढे आहे. दुखणं फार गुंतागुंतीचं झालं आणि मूळ गरज आरोग्याची ठरली, तर तिथे एनएचएस केअर होमसकट सगळा खर्च उचलते. त्याला कंटिन्युइंग हेल्थकेअर म्हणतात. त्यासाठी आधी नर्सकडून प्राथमिक चाचपणीची चेकलिस्ट भरून घ्या, नंतर गरजेच्या 12 बाबी तपासल्या जातात. मिळणं सोपं नाही, स्मृतिभ्रंशाच्या पेशंटना तर फारच अवघड जातं. स्कॉटलंडमध्ये ही सोय 2015 पासून नाही. तिथे असा खर्च फक्त हॉस्पिटलमध्येच ठेवणं भाग असलेल्यांसाठी होतो.

माझं मत स्पष्ट आहे. डोकं शाबूत, हातपाय थकलेले, थोडी शिल्लक आणि मुलाच्या घरी दिवसा कुणीतरी असेल, तर स्कॉटलंड. आजार बळावत चालला असेल तर इंग्लंड सोडायच्या आधी चेकलिस्ट भरून घ्या. आणि मुलगा-सून दोघंही सकाळी साडेसातला बाहेर पडत असतील, तर मोफत देखभालीपेक्षा दहा मिनिटांवरची मुलगी मोलाची. केअरर अर्धा तास येते, आंघोळ घालते, वहीत नोंद करते, दाराजवळच्या पेटीत किल्ली ठेवून निघून जाते. उरलेला दिवस कुणासोबत जाणार, हे मावशीलाच विचारायला हवं.